टीटी घेतलंय, मग हे दुसरं इंजेक्शन कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही माण तालुक्यातले. रविवारी संध्याकाळी गोठ्यात शेण ओढताना माझ्या मामंजींचा (वय 68) पाय दाताळ्यावर पडला. एक दात तळपायात बोटभर आत गेला. रक्त फारसं आलं नाही, म्हणून हळद भरून फडकं बांधलं. सोमवारी गावातल्या डॉक्टरांनी टीटी आणि गोळ्या दिल्या. मंगळवारी पाय सुजला, तेव्हा तालुक्याच्या गावी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली आणि 'टेटग्लोब' आणायला सांगितलं. मेडिकलवाल्यानं ते दुसरीकडून मागवून दिलं, तोवर दवाखाना बंद झालेला. इंजेक्शन घरी आणून फ्रीजमध्ये वर बर्फाच्या खणात ठेवलंय. आता घरात दोन तट पडलेत. आमचे हे म्हणतात, टीटी झालंय, मग हे महागाचं परत कशाला? चुलत सासरे म्हणतात, त्यांच्या भावाला तरुणपणी धनुर्वाताचं सीरम दिलं होतं, तर अंगभर गांधी उठल्या, दम लागला, मरता मरता वाचला. मामंजींना शुगर आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. लहानपणी लस घेतल्याचं त्यांना आठवत नाही. एकदा बैलानं शिंग मारलं तेव्हा एक सुई घेतली होती म्हणतात. हे इंजेक्शन माणसाच्या रक्तापासून करतात असंही ऐकलं. द्यावं की नाही?
ता. क. मला दोन्ही बाळंतपणांत टीटी दिलं होतं. मला आणि ह्यांना काही घ्यावं लागतं का?
— एक सूनबाई, जि. सातारा

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर लगेच दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: द्यायचंच, आजच द्यायचं, पण बर्फात ठेवलेली ती कुपी वापरायची नाही, नवी घ्यायची. सदर छापून यायची वाट बघण्यासारखा हा मामला नव्हता. त्या दोन ओळींमागची कारणं आता सविस्तर लिहितो, कारण हाच घोळ घरोघरी होतो. आणि तो नुसता घरांत होत नाही, काही दवाखान्यांतही होतो.

आधी तुमच्या मिस्टरांची शंका घेऊ, कारण ती अगदी रास्त आहे. टीटी आणि हे इंजेक्शन दोन्ही धनुर्वातासाठी, दोन्ही दंडात, मग दोन कशाला? तर दोघांची कामं निरनिराळी आहेत. टीटी, किंवा आता सरकारी दवाखान्यात त्याच्या जागी मिळतं ते टीडी, ही लस आहे. तिच्यात धनुर्वाताच्या जंतूचं विष निकामी करून घातलेलं असतं. ते बघून आपलं शरीर स्वतःच्या अँटिबॉडी, म्हणजे विष निष्प्रभ करणारी प्रथिनं, तयार करायला शिकतं. पण शिकायला वेळ लागतो. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच लस मिळते त्याच्या अंगात पहिल्या डोसनंतर भरवशाचं संरक्षण तयार होतच नाही. दुसरा डोस चार आठवड्यांनी घ्यावा लागतो, त्यानंतर कुठे पुरेसं बळ येतं. आणि धनुर्वात काही चार आठवडे थांबत नाही. जखम झाल्यापासून साधारण 3 ते 21 दिवसांत तो डोकं वर काढतो, बहुतेकदा आठ-दहा दिवसांच्या आसपास.

टेटग्लोब हे एका कंपनीनं दिलेलं नाव. औषधाचं नाव टेटनस इम्युनोग्लोब्युलिन. त्यात तयार अँटिबॉडी असतात. शरीराला काही शिकायची गरज नाही, आत गेल्या की कामाला लागतात. पण त्या पाहुण्या असतात. त्यांची पातळी साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत निम्म्यावर येते आणि पुढे संपत जाते. तुम्ही दुष्काळी माणच्या आहात, तेव्हा तुम्हाला हे एका वाक्यात सांगता येईल: इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे टँकर आणि लस म्हणजे विहीर. नुसती विहीर खणायला घेतली तर आज प्यायला पाणी नाही, आणि नुसता टँकर मागवला तर पुढच्या महिन्यात परत कोरड. मामंजींना दोन्ही लागतात.

मग प्रत्येक जखमेला दोन्ही घ्यायची का? मुळीच नाही. खरा सल्ला इथेच आहे. टेटग्लोब लागतं की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: जखम कसली आहे, आणि माणसानं आजवर धनुर्वाताच्या लसीचे एकूण किती डोस घेतलेत. "टीटी घेतलंय का?" हा प्रश्न अपुरा आहे. "आजवर किती वेळा घेतलंय?" असं विचारायला हवं. ज्याचे तीन किंवा जास्त डोस नक्की झालेत, त्याला टेटग्लोब लागत नाही, जखम घाण असली तरी. त्याला फार तर लसीचा एक बूस्टर लागतो: जखम मातीनं-शेणानं माखलेली, खोल किंवा चिरडलेली असेल आणि शेवटचा डोस 5 वर्षांपूर्वीचा असेल तर, स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटचा डोस 10 वर्षांपूर्वीचा असेल तर. ज्याचे तीन डोस झालेले नाहीत, किंवा काही माहीतच नाही, त्याला किरकोळ स्वच्छ जखमेत नुसती लस पुरते. पण घाण, खोल, भोसकल्यासारखी जखम असेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. एड्सचे किंवा प्रतिकारशक्ती फारच खालावलेले रुग्ण असले, तर घाण जखमेत त्यांना डोस पूर्ण झालेले असूनही ते देतात, कारण त्यांच्या शरीराला शिकवलेलं पुरेसं लक्षात राहिलंय याचा भरवसा नसतो.

आता मामंजींकडे बघा. भारतात लहान मुलांच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला आणि 1985 पासून त्याला आजचं व्यापक रूप यायला लागलं. मामंजी तेव्हा विशीत होते. शाळेत सुई नाही, बाळंतपणाचा प्रश्न नाही, फौजेतही गेलेले नाहीत. बैलानं शिंग मारल्यावरची ती एक सुई लसीची होती की पेनिसिलिनची, हे आता कोण सांगणार? म्हणजे हिशेबात त्यांचे डोस शून्य धरायचे. खेड्यापाड्यातला पन्नाशीच्या पुढचा पुरुष हा माझ्या मते धनुर्वाताच्या बाबतीत सगळ्यात उघडा पडलेला माणूस आहे. बायकांना निदान गरोदरपणी टीटी मिळत आलं. या गड्यांना नाही, आणि शेणामातीत, औतावर, दाताळ्या-फावड्यावर राबणारे तेच. वर "मला काय होतंय" ही वृत्ती. शुगर असेल तर आणखी वाईट. तळपायाची संवेदना कमी झालेली असते, जखम उशिरा कळते आणि उशिरा भरते.

जखमेबद्दलही एक समजूत काढून टाकली पाहिजे. गंजानं धनुर्वात होतो असं सगळे म्हणतात. गंजाचा तसा काही संबंध नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, वर्षानुवर्षं तग धरतात. नवाकोरा चकचकीत खिळा गोठ्यात पडलेला असेल तर तो तितकाच वाईट. बाभळीचा काटा तसाच. या जंतूला हवा सोसत नाही. अरुंद, खोल, रक्त न वाहिलेली, आत थोडं मांस मेलेली जखम ही त्याच्या वाढीची आवडती जागा. तुम्ही लिहिलंत, "रक्त फारसं आलं नाही, म्हणून हळद भरून..." ताई, त्या "म्हणून"नं गोंधळ केला. भळाभळा वाहणारी जखम बघून माणूस दवाखान्यात पळतो. अशी मुकी जखम घरी बांधली जाते. तोंड हळदीनं बुजवलं की आत हवा जायची तीही बंद. कुणी राख भरतं, कुणी मशेरी, कुणी शेण. असं काही भरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं खळखळून धुवायची, वरून स्वच्छ कापड ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, हे त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. आत घाण आणि मेलेलं मांस राहिलं तर विष तयार होतच राहणार. गोळ्या त्या सफाईच्या जागी चालत नाहीत आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या जागीही नाहीत.

घाई कशाची? ते विष जखमेत तयार होतं, नसांवाटे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि तिथे स्नायूंना "आता सैल हो" असं सांगणारा निरोप अडवून बसतं. मग स्नायू आवळतात ते सुटतच नाहीत. एकदा विष मज्जातंतूंना चिकटलं की बाहेरून दिलेल्या अँटिबॉडी त्याला सोडवू शकत नाहीत. जे विष अजून मोकळं फिरतंय तेवढंच त्या पकडतात. म्हणून जितक्या लवकर तितकं चांगलं. पण याचा उलटा अर्थ काढू नका. दोन-तीन दिवस गेले, आता काय उपयोग, असं म्हणून सोडून द्यायचं नाही. धनुर्वात उमटायला दिवस लागतात, तेवढी खिडकी उघडी असते. सर्वसाधारणपणे 250 युनिटचा डोस पुरतो. 24 तास उलटून गेले असतील, जखम फारच माखलेली असेल किंवा भाजल्याची असेल तर बरेच डॉक्टर 500 युनिट देतात. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. लहान मुलांनाही प्रतिबंधासाठी साधारण तोच डोस देतात, वजनावर वाटून कमी करत नाहीत.

आता चुलत सासऱ्यांचं भय. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या भावाला जे दिलं ते बहुधा घोड्याचं सीरम असणार, जुन्या डॉक्टरांच्या भाषेत एटीएस. 1890 मध्ये बर्लिनला बेहरिंग आणि कितासातो या दोघांनी दाखवून दिलं की धनुर्वाताच्या विषाला तोंड दिलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव दुसऱ्या जनावराला वाचवतो. त्यातून पुढे घोड्यांना थोडंथोडं विष टोचायचं आणि त्यांच्या रक्तातून सीरम काढायचं ही पद्धत आली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना ते सरसकट द्यायला लागल्यावर धनुर्वाताचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. आपल्याकडे हाफकिनच्या पिंपरीच्या घोड्यांवर अशी सीरमं कैक वर्षं तयार होत आली. सापाच्या विषावरचं सीरमही घोड्यांचंच असतं. म्हणजे या सीरमनं असंख्य जीव वाचवलेत. पण ते घोड्याचं प्रथिन. काहींच्या शरीराला ते परकं वाटतं आणि शरीर पिसाळतं. कधी काही मिनिटांत गांधी, दम, रक्तदाब घसरणं. कधी आठवडा-दीड आठवड्यानं ताप, पुरळ, सांधे धरणं. म्हणून ते द्यायच्या आधी कातडीत थेंबभर टोचून चाचणी करायची असते, आणि ती चाचणी ठीक आली तरी गाफील राहायचं नसतं.

तुमच्याकडचं ते नाही. हे माणसाच्या प्लाझ्मातून काढलेलं, म्हणजे लस घेऊन अंगात भरपूर अँटिबॉडी तयार झालेल्या दात्यांच्या रक्तद्रवातून. आपलं शरीर त्याला परकं मानण्याची शक्यता फार कमी, आणि ते टिकतंही घोड्याच्या सीरमपेक्षा जास्त. त्यासाठी कातडीत चाचणी करायची गरज नसते. कुणी केलीच, तर त्या जागी नुसती लाली येऊन फसगत होते आणि गरजू माणसाला इंजेक्शन नाकारलं जातं. तरी खात्री कशी करायची? खोका हातात घ्या आणि वाचा. नावात 'ह्यूमन' असा शब्द हवा. 'इक्वाइन' किंवा 'अँटिटॉक्सिन' असं दिसलं तर ते घोड्याचं, आणि मग चाचणीची, तयारीची सगळी गोष्ट बदलते. त्याच खोक्यावर मुदत आणि बॅच नंबर असतो. बॅच नंबर बिलावर उतरलाय का तेही बघा, आणि बिल टाकू नका.

माणसाच्या रक्ताचं म्हणून एड्स-कावीळ होईल का? दात्यांचं रक्त एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी यांसाठी तपासलं जातं आणि नंतर विषाणू मारणाऱ्या प्रक्रियेतून प्लाझ्मा जातो. धोका अगदी शून्य असं कोणताच प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही, पण शेणात बुडालेल्या दाताळ्याचा दात पायात गेलेला आणि लस न घेतलेला माणूस, याच्या धोक्यासमोर तो धरण्यासारखा नाही.

फ्रीजचं बघू. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे फ्रीजच्या मधल्या फळीवर, दारातही नको आणि वरच्या बर्फाच्या खणात तर नकोच. गोठलं की त्यातल्या प्रथिनांची मोडतोड होते. नंतर वितळून ते पुन्हा पाण्यासारखं दिसलं तरी कामाचं राहिलंय याची खात्री नाही. टीडी-टीटीचंही तसंच, गोठलेली लस फुकट. आपल्या डोक्यात "जितकं गार तितकं टिकाऊ" हे पक्कं बसलेलं असतं, म्हणून ही चूक भल्या भल्या लोकांच्या हातून होते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मेडिकलवाला थंड पिशवीत बर्फाच्या पॅकसह देतो तेव्हा कुपी पॅकला थेट चिकटवू नका, मध्ये कागद किंवा रुमाल घाला. शक्य असेल तर घरी आणूच नका. डॉक्टर समोर असताना घ्यायचं आणि तिथेच टोचून घ्यायचं. कुपी उजेडात धरून बघा: पातळ, नितळ, फार तर किंचित पिवळसर असावी. गढूळ दिसली, तळाशी कण किंवा तंतू दिसले तर परत करा.

टोचण्याबद्दल तीन गोष्टी लक्षात असू द्या आणि नर्सला विचारायला लाजू नका. हे इंजेक्शन स्नायूत द्यायचं असतं, शिरेत कधीही नाही. खोक्यावर तसं लिहिलेलंच असतं. दंडात किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यात द्यायची जुनी सवय सोडलेली बरी, तिथे मोठी नस जाते. आणि लसीशी एकत्र करायचं नाही, सिरिंज वेगळी, जागा वेगळी. मामंजींना सोमवारी डाव्या दंडात टीटी दिलं असेल तर हे उजव्यात. एका दिवशी दोन्ही दिली तरी एकमेकांच्या कामात अडथळा येत नाही. ते जखमेत किंवा जखमेभोवतीही भरायचं नसतं. कुत्रा चावल्यावर जखमेत भरतात ते रेबीजचं सीरम, त्याचा आणि याचा घोटाळा करू नये. (कुत्रं चावलं तर रेबीजचा वेगळा विचार आणि धनुर्वाताचा वेगळा, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.)

रक्त पातळ करायच्या गोळ्यांसाठी हे इंजेक्शन अडवायचं नाही, पण सांगायचं नक्की. गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नुसतं "हार्टच्या गोळ्या" म्हणू नका. अँजिओप्लास्टीनंतरच्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे गोळ्या असतील तर बारीक सुई वापरतात आणि नंतर त्या जागी किमान दोन मिनिटं कापूस घट्ट दाबून धरतात, चोळत नाहीत. चोळलं की आत रक्त साकळतं. वॉरफरिनसारखी गोळी असेल तर डॉक्टर आधी रक्ताचा अहवाल बघतील. स्टेंट असलेल्या माणसाच्या गोळ्या इंजेक्शनसाठी म्हणून घरच्या घरी बंद करणं हा मात्र शुद्ध आत्मघात आहे. ते अजिबात करायचं नाही. शुगरच्या गोळ्याही नेहमीसारख्या चालू.

खरी सावधगिरी कुणी घ्यायची? ज्याला आधी कधी इम्युनोग्लोब्युलिननं किंवा रक्त-प्लाझ्मा चढवताना जबर ॲलर्जी आली असेल त्यानं, आणि ज्यांच्या रक्तात 'आयजीए' नावाचं प्रथिन जन्मतः नसतं अशा मोजक्या लोकांनी. पूर्वी कधी काय झालं ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. भावाला झालं म्हणून मामंजींना होईल असं काही नाही, पण तेही सांगून टाका, म्हणजे चुलत सासऱ्यांचंही समाधान होईल. गर्भवतीला गरज असेल तर देतात. लहान मुलाला द्यावं लागलं तर एक लक्षात ठेवा: गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस त्यानंतर 3 महिने थांबवतात, कारण उसन्या अँटिबॉडी त्या जिवंत लसींना उगवू देत नाहीत. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना तसं आधीच सांगून ठेवायचं.

टोचून झालं की लगेच गाडीला किक मारायची नाही. अर्धा तास दवाखान्यातच बाकावर बसायचं. गंभीर ॲलर्जी क्वचित येते, पण आली तर बहुतेकदा याच अर्ध्या तासात, आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी असलेल्या ठिकाणी ती आटोक्यात येते. म्हणूनच ओळखीच्या कंपाउंडरला घरी बोलावून हे टोचून घेऊ नका. अंगाला खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणं, घशात आवळल्यासारखं, दम, चक्कर यांतलं काही वाटलं तर "होईल कमी" न म्हणता हाक मारायची. घरी आल्यावर एक-दोन दिवस दंड दुखणं, थोडी कणकण, डोकं जड होणं हे नेहमीचं, पॅरासिटामॉल चालते. छातीत दुखणं, एका पायाला अचानक सूज, धाप असं काही झालं तर हृदयाच्या रुग्णानं थेट दवाखाना गाठायचा, मग कारण काही का असेना.

आणि पुढचे तीन-चार आठवडे त्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. "जबडा जड वाटतोय, भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडत नाही" ही बहुतेकदा पहिली तक्रार असते. लोक दाढेचं दुखणं समजून दातवाल्याकडे जातात. मग गिळायला त्रास, मान-पाठ लाकडासारखी ताठ, भांडं वाजलं किंवा कुणी हात लावला तरी अंगाला आचका. यातलं पहिलं लक्षण दिसताच जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात, जिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे तिथे. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन घेतलेल्याला असं व्हायची शक्यता फार कमी, पण कोणतंही औषध शंभर टक्क्यांची हमी देत नाही. जखमेचं ड्रेसिंग शुगर ताब्यात ठेवून चालूच ठेवा.

टेटग्लोब दिलं की काम संपलं, असं समजून बहुतेक लोक इथेच थांबतात. टँकर परत जाणार आहे. सोमवारचा टीटी हा मामंजींचा पहिला डोस धरा. दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर 6 ते 12 महिन्यांनी. प्राथमिक आरोग्य केंद्रात टीडीची चौकशी करा. तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहा आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर सही-शिक्क्यानिशी नोंद घ्या, टेटग्लोबची वेगळी, लसीची वेगळी. पुढच्या वेळी काही लागलं तर ती चिठ्ठीच ठरवेल की काय द्यायचं. तीन डोस पूर्ण झाले की मामंजींना पुन्हा कधी हे महागाचं इंजेक्शन लागायचं कारण उरत नाही. तुमच्या मिस्टरांना हा हिशेब नक्की पटेल.

जाता जाता, उलटी बाजूही सांगतो. रस्त्यावर मोटारसायकल घसरून गुडघा खरचटलेल्या, शाळेत दहावीपर्यंत सगळ्या सुया झालेल्या पोराला टीटी आणि टेटग्लोब दोन्ही देऊन बिल वाढवलेलं मी पाहतो. तिथे "डॉक्टर, याचे डोस पूर्ण आहेत, तरी लागेल का?" असं नम्रपणे विचारा. तसंच "टीटी सहा महिने चालतं" ही गावोगावची समजूत. डोस पूर्ण झालेल्या माणसाला दर खरचटण्याला टीटी टोचत राहिलं तर फायदा काही नाही, उलट दंड सुजून लाल होतो.

तुमच्या ता. क. चं उत्तर. दोन्ही बाळंतपणांची कार्डं सापडतात का बघा. पहिल्या वेळी दोन डोस आणि दुसऱ्या वेळी एक किंवा दोन असे झाले असतील, तर तुमचे तीन-चार डोस झालेत. शेवटच्याला 10 वर्षं होऊन गेली असतील तर एक टीडी घेऊन टाका, जखम व्हायची वाट कशाला बघायची. मिस्टरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. 1985 च्या आधीचा जन्म असेल आणि घरात काही नोंद नसेल, तर त्यांनाही मामंजींबरोबर त्याच तारखांना तीन डोस द्या. गोठ्यात मदतीला कुणी गडी असेल तर त्यालाही बरोबर न्या.